शरदातील रोपखरेदी आणि कुंडीसोबत येणारे प्रवासी

पाऊस ओसरून आश्विनाचे ऊन पडू लागले की गावाबाहेरच्या रोपवाटिकेचे रूप पालटते. जूनमध्ये ज्या मांडवाखाली आंबा, चिकू, नारळ यांची कलमे व रोपे रांगेने उभी होती, तेथे आता शेवंतीच्या कळ्यांनी भरलेल्या कुंड्या येतात. दसरा-दिवाळीसाठी फुललेला झेंडू येतो, पेटुनिया, फ्लॉक्स आणि डायअँथसची चिमुकली रोपे येतात. कोपऱ्यात टोमॅटो, कोबी, फुलकोबी यांचे ट्रे असतात. तुळशीच्या लग्नापर्यंत तुळशीला मागणी असते. पावसाळ्यात न विकली गेलेली मोसंबी, लिंबू, पेरू यांची कलमे काहीशा कमी दरात समोर मांडली जातात. ग्राहक कुंडीतील फूल पाहतो, फांदीवरील पालवी पाहतो आणि दर विचारतो. पानाची मागची बाजू मात्र बहुधा कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही मागची बाजू आहे.

शरदातील लागवड ही देशभर एकसारखी गोष्ट नव्हे. पंजाब-हरियाणात किन्नो, लिंबू, पेरू अशा सदाहरित फळझाडांची लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात करतात. पीच, अलुबुखार, नाशपती यांसारखी पानगळी झाडे हिवाळ्यात, सुप्तावस्थेत असतानाच लावतात. तमिळनाडूत ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, त्यामुळे तेथील शेतकऱ्याला हाच लागवडीचा खरा मुहूर्त असतो. बंगालमध्ये पूजेच्या दिवसांत चंद्रमल्लिकेच्या, म्हणजे आपल्या शेवंतीच्या, कुंड्यांची तयारी चालू असते. दख्खनच्या पठारावर ऑक्टोबरची उष्णता नव्या रोपाला सोसत नाही. येथे एक तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लागवड उरकावी, नाही तर पाण्याची सोय असल्यास नोव्हेंबरची वाट पाहावी. फरक इतके असले तरी एक गोष्ट सर्वत्र सारखी आहे. पावसाने जमीन मुरलेली व अजून उबदार असते, मुळे जोमाने वाढतात आणि झाडांना नवी पालवी फुटते. शेतकऱ्याला हवी असलेली ही कोवळी पालवी मावा, तुडतुडे, पांढरी माशी, सिट्रस सिला आणि फुलकिडे यांनाही तितकीच हवी असते. रोपवाटिकेत ती दाटीवाटीने, रोज पाणी मिळालेली आणि वाऱ्यापासून सुरक्षित अशी उपलब्ध असते. रसशोषक किडींना याहून सोयीचे ठिकाण क्वचितच मिळेल.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. आपल्या तालुक्यातील रोपवाटिकेत उभे असलेले रोप तेथेच वाढलेले असते, ही समजूत आता खरी राहिलेली नाही. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रवरमजवळ गोदावरीच्या गाळाच्या जमिनीवर कडियम आणि कडियपुलंका परिसरात रोपवाटिकांची गावेच्या गावे आहेत. केरळात त्रिशूरजवळील मण्णुत्ती, आपल्याकडे पुणे-सोलापूर मार्गावरील उरुळी कांचन, उत्तरेत आंबा कलमांसाठी मलिहाबाद अशी इतर केंद्रे आहेत. येथून निघालेले ट्रक शेकडो किलोमीटर जातात आणि वाटेतल्या गावोगावच्या विक्रेत्यांकडे थोडी थोडी रोपे उतरवतात. या उद्योगाने हजारो कुटुंबांना काम दिले आहे आणि चांगल्या वाणांचा प्रसारही केला आहे. तो दोषी आहे असे येथे सुचवायचे नाही. परंतु जी कीड स्वतःच्या पंखांवर एका हंगामात फार तर काही किलोमीटर सरकली असती, ती ट्रकमधून दोन रात्रींत तीन राज्ये ओलांडते, हे कीटकशास्त्राच्या दृष्टीने विसरता येत नाही.

याची उदाहरणे जुनी आहेत. शंखी गोगलगाय, जिला आफ्रिकन महाकाय गोगलगाय म्हणतात, ती १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि एका बागेत सोडली गेली. सफरचंदावरील सॅन होजे खवले कीड परदेशी रोपांबरोबरच काश्मीरच्या बागांत शिरली. अशा आगंतुकांना आळा घालण्यासाठी १९१४ मध्ये विनाशक कीटक व पीडक कायदा झाला. त्या कायद्याखाली देशांतर्गत संगरोधासाठी जाहीर झालेल्या किडी-रोगांची यादी पाहिली तर सॅन होजे खवले कीड, फ्ल्युटेड खवले कीड, कॉफीची फळे पोखरणारा भुंगा, बटाट्यावरील सूत्रकृमी, केळीचा पर्णगुच्छ रोग अशी नावे दिसतात. यांतील बहुतेकांचा प्रवास रोप, बेणे, कंद किंवा फळ यांच्या आश्रयाने झालेला आहे.

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. २००८ मध्ये कोइम्बतूर भागात पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसला. पपईपुरता तो थांबला नाही. तुती, साबुकंद, जास्वंद, जट्रोफा, इतकेच काय, गाजरगवतावरही त्याने बस्तान बसवले. रेशीम उत्पादकांची तुती पांढरी पडली. फवारण्या वाढल्या, पण मेणाच्या आवरणाखाली बसलेल्या पिठ्याला त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन परजीवी गांधीलमाश्या आणल्या गेल्या. त्यांतील ॲसेरोफॅगस पपाये ही जेमतेम दृष्टीस पडणारी माशी इतकी प्रभावी ठरली की थोड्याच काळात कीड आटोक्यात आली. जैविक कीड नियंत्रणाच्या भारतीय इतिहासातील हे एक मोठे यश आहे. मात्र ज्या रोपवाटिकांत दर आठवड्याला व्यापक परिणामाची कीटकनाशके फवारली जातात, तेथे ही माशी तग धरत नाही आणि पिठ्या मात्र पिशवीच्या कडेला, मुळांच्या बेचक्यात उरतो. आजही पपईवर किंवा जास्वंदीवर पिठ्याचा उद्रेक दिसला, तर मी प्रथम फवारणीचा इतिहास विचारतो.

साबुकंदावरील पिठ्या ढेकूण २०२० मध्ये केरळात आढळला, तेव्हा बेनिनहून ॲनागायरस लोपेझी ही परजीवी माशी आणावी लागली. साबुकंदाची लागवड खोडाच्या तुकड्यांनी होते. बेणे हे येथे किडीचे वाहन असते, हे वेगळे सांगावयास नको.

नारळावरील चक्राकार पांढरी माशी

शरदात शोभेच्या झाडांबरोबर ताड-माडांची विक्रीही जोरात असते, म्हणून या किडीविषयी थोडे विस्ताराने. रुगोज स्पायरलिंग व्हाइटफ्लाय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पांढऱ्या माशीचे शास्त्रीय वर्णन २००४ मध्ये मध्य अमेरिकेतील बेलीझ येथील नारळावरील नमुन्यांवरून झाले. भारतात ती २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची आणि लगतच्या पालक्काड भागात नोंदली गेली. त्यानंतर काही वर्षांतच ती दक्षिणेतील सर्व नारळपट्ट्यांत आणि पुढे गोवा-कोकणातही पोहोचली. तिच्या या वेगवान प्रसारात रोपांच्या वाहतुकीचा वाटा मोठा मानला जातो.

ओळखावयास ती सोपी आहे. प्रौढ माशी सुमारे अडीच मिलिमीटर लांब, म्हणजे कपाशीवरील पांढऱ्या माशीच्या सुमारे तिप्पट असते आणि हालचालीत सुस्त असते. पानाच्या खालच्या बाजूस ती मेणाच्या पांढऱ्या रेषेत वर्तुळाकार, चक्री पद्धतीने अंडी घालते. या अवस्थेवरूनच तिला हे नाव मिळाले. पिल्ले रस शोषून चिकट गोड द्रव टाकतात, तो खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. नारळाखालचे केळीचे किंवा पेरूचे पान काजळी धरल्यासारखे दिसले, तर वर पाहावे. नारळाव्यतिरिक्त केळी, आंबा, पेरू, कर्दळ, शोभेचे ताड, बर्ड ऑफ पॅराडाइज अशी अनेक झाडे तिला चालतात आणि यांतील बरीचशी शरदातील विक्रीच्या मांडवात असतात.

येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. या माशीच्या पिल्लांवर एन्कार्सिया ग्वाडेलोपे ही परजीवी माशी आपल्याकडे निसर्गतःच आढळली आणि अनेक बागांत तिनेच किडीला लगाम घातला. परजीवीने ग्रासलेले पिल्लू पांढरे न राहता काळे पडते. म्हणूनच नारळावर कीटकनाशके फवारू नयेत, असा सल्ला संशोधन संस्था देत आल्या आहेत. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर काळी पडलेली पिल्ले दिसली तर ते पान जाळणे म्हणजे फुकट मिळालेला मित्र जाळणे होय. असे पान कापून जवळच्या प्रादुर्भाव असलेल्या झाडाच्या पानाला टाचणीने अडकवावे. मात्र पांढरी, जिवंत पिल्ले असलेली पाने पिशवीत बंद करून उन्हात ठेवावीत. विस्तार कार्यकर्त्याने शेतकऱ्याला हा काळा-पांढरा भेद एकदा हातभिंगातून दाखवला, तर पुढच्या कितीतरी फवारण्या वाचतात.

कामिनीचे कुंपण आणि संत्र्याची बाग

सर्वांत अधिक काळजी वाटावी असे झाड मात्र नारळ नव्हे. ते आहे कामिनी, जिला कुंती किंवा मधुकामिनी म्हणतात. पावसाळ्यानंतर तिला पांढऱ्या सुगंधी फुलांचे घोस येतात, छाटणी सोसते, म्हणून कुंपणासाठी तिला मोठी मागणी असते. कढीपत्त्याची ती जवळची नातलग आहे आणि दोघीही लिंबूवर्गीय कुळातल्या आहेत. सिट्रस सिला ही कीड या दोन्ही झाडांवर सुखाने नांदते. बागायतदार संत्र्यावर सिलाचा बंदोबस्त करतो, पण शेतघराभोवती कामिनीचे कुंपण आणि विहिरीपाशी कढीपत्ता तसाच राहतो. दर नव्या पालवीला तेथून कीड बागेत येते.

फ्लोरिडातील अनुभव या संदर्भात प्रत्येक फळबागायतदाराला ठाऊक असावा. तेथे सिला प्रथम १९९८ मध्ये आढळली, तीही कामिनीच्या कुंपणावर. उद्यान केंद्रांत विकल्या जाणाऱ्या कामिनीच्या कुंड्यांबरोबर ती राज्यभर पसरली, हे नंतरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. २००५ मध्ये सिलाने वाहून नेला जाणारा ग्रीनिंग रोग तेथे सापडला. फ्लोरिडाचे संत्र्यांचे उत्पादन १९९७-९८ च्या हंगामात सुमारे २४ कोटी पेट्या होते, २०२२-२३ मध्ये ते सुमारे १ कोटी ६० लाख पेट्यांवर आले. चक्रीवादळे, खैऱ्या रोग, जमिनीचे बदललेले उपयोग ही कारणेही त्यात आहेत, परंतु ग्रीनिंग हे सर्वांत मोठे कारण आहे याविषयी दुमत नाही. शोभेच्या एका झाडाची किरकोळ विक्री एवढ्या मोठ्या उद्योगाशी कशी जोडलेली असू शकते, हे यावरून दिसते.

आपल्याकडे सिला आणि ग्रीनिंग दोन्ही जुने आहेत, त्यामुळे प्रश्न ती येतील की नाही हा नसून नव्या बागेत किती लवकर येतील हा आहे. शरदात हे विशेष लक्षात घ्यावे, कारण पावसानंतरच्या पालवीत सिलाची संख्या वाढते. कलम घेताना शेंड्याची न उमललेली पालवी बोटांनी हळूच उघडून पाहावी. तेथे बदामाच्या आकाराची पिवळी अंडी असतात. पिल्ले चपटी, पिवळसर-नारिंगी असतात आणि त्यांच्यापासून मेणाचे पांढरे धागे निघालेले दिसतात. प्रौढ कीड तीन-चार मिलिमीटरची, तपकिरी असून डोके खाली व शेपटाकडचा भाग तिरपा वर उचलून बसते. ही बसण्याची ढब एकदा ओळखली की पुन्हा चूक होत नाही.

ग्रीनिंगची लक्षणे आणि जस्ताची कमतरता यांत शेतात नेहमी गोंधळ होतो. जस्ताच्या कमतरतेत पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये तो दोन्ही अर्ध्या भागांत वेगवेगळा, ठिगळांसारखा दिसतो. तथापि संक्रमित कलम कित्येक महिने निरोगी दिसू शकते. म्हणून मातृवृक्ष तपासलेला आहे का, डोळे कोठून घेतले, हा प्रश्न रोपवाटिकेत विचारण्याला पर्याय नाही. डोळा जमिनीपासून पुरेसा उंच, साधारण वीतभर किंवा त्याहून वर भरलेला असावा, ही सूचना खरे तर मूळकुजव्यासाठी आहे, पण चांगल्या रोपवाटिकेची ती एक सहज दिसणारी खूणही आहे.

कामिनी लावूच नये का? संत्रा-मोसंबी-लिंबाच्या पट्ट्यात, बागेच्या बांधावर ती लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शहरात, जेथे जवळ लिंबूवर्गीय बाग नाही, तेथे हरकत नाही. कढीपत्ता घरासाठी हवाच असतो. त्याची पालवी खुडून वापरत राहिल्यास सिलाला फारशी जागा उरत नाही आणि संत्र्याबरोबर त्याचीही पाहणी करावी. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर ती फुलपाखराची असते. घरच्या झाडावर तिला राहू द्यावे. लिंबाच्या लहान कलमावर मात्र अशी एखादी अळीही दोन दिवसांत सगळी पाने फस्त करते, तेथे ती वेचून काढावी.

शेवंती, झेंडू आणि मिरची

शेवंतीच्या शेंड्यावर आणि कळीच्या देठावर काळपट मावा दाटीने बसतो. तो डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचा उपाय सोपा आहे. पाण्याचा जोरदार फवारा बरेचसे काम करतो. फुलकिडे त्याहून कठीण. ते फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी लपतात. फुलाखाली पांढरा कागद धरून फूल दोन-तीनदा टिचकीने झटकावे, कागदावर बारीक काड्यांसारखे कीटक धावताना दिसतील. थ्रिप्स परविस्पायनस ही फुलकिड्यांची आक्रमक जात भारतात २०१५ मध्ये बेंगळुरूजवळ पपईवर नोंदली गेली. २०२१ च्या हंगामात आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि कर्नाटकातील मिरचीवर तिने हाहाकार उडवला. फुलेच्या फुले गळाली आणि अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी उभे पीक उपटले. ही जात अनेक शोभेच्या फुलांवरही राहते. म्हणून ज्या आवारात फुलझाडांच्या कुंड्या आणि मिरची-ढोबळीचे ट्रे एकाच मांडवाखाली आहेत, तेथून भाजीपाल्याची रोपे घेताना दुप्पट सावध असावे. दोन्हींसाठी वेगळे शेडनेट ठेवणारा रोपवाटिकाधारक थोडा अधिक दर मागत असेल तर तो द्यावा.

पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा दिसल्या तर ती नागअळी. आपल्याकडे १९९०-९१ च्या सुमारास ती आढळू लागली आणि शेवंतीच्या छाट कलमांबरोबर आली असावी असे मानले जाते. आज टोमॅटो, काकडीवर्गीय, एरंडी असे कोणतेच पीक तिला वर्ज्य नाही.

झेंडूवर ऑक्टोबरच्या कोरड्या उष्णतेत लाल कोळी वाढतो. हा कीटक नव्हे, आठ पायांचा जीव आहे. त्यामुळे कित्येक कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, उलट त्याचे शत्रू मारले गेल्याने तो फोफावतो. पानांवर बारीक ठिपके आणि शेंड्याशी जाळी दिसली तर ती कुंडी भाजीपाल्याजवळ नेऊ नये.

झेंडूचा दुसरा उपयोग आपल्याला अधिक जवळचा आहे. टोमॅटोतील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा पीक म्हणून टोमॅटोच्या दर १६ ओळींनंतर झेंडूची १ ओळ, ही शिफारस सर्वांना ठाऊक असते. पण शेतात ती अपेक्षेइतकी यशस्वी होताना दिसत नाही आणि त्याचे कारण बहुधा रोपवाटिकेत असते. झेंडूचे रोप ४० दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे असेल, तरच दोन्हींना एकाच वेळी फुले येतात आणि पतंग झेंडूकडे वळतो. शेतकरी दोन्ही रोपे एकाच दिवशी, एकाच वयाची विकत घेतो. टोमॅटो आधी फुलतो, अंडी टोमॅटोवर पडतात आणि झेंडूवरचा विश्वास उडतो. याला उपाय एकच, टोमॅटोच्या रोपांची मागणी नोंदवतानाच झेंडूची पेरणी १५ दिवस आधी करावयास सांगणे. झेंडू उंच वाढणाऱ्या आफ्रिकन प्रकारचा असावा, कुंडीतला बुटका नव्हे.

मातीखालचे

पाने पाहून झाली तरी निम्मे रोप अजून पाहावयाचे असते. पेरूच्या बाबतीत तर मुळेच आधी पाहावीत. मेलॉयडोगायने एंटेरोलोबी ही मूळगाठ करणारी सूत्रकृमीची जात तमिळनाडूतील पेरू बागांत आढळली आणि त्यानंतर पेरूच्या घनलागवडीबरोबर इतर राज्यांतही पसरली. तिने ग्रासलेले झाड वरून केवळ अशक्त दिसते, पाने तांबूस पडतात, शेतकरी खते वाढवतो. मुळे उकरली की ती मण्यांच्या माळेसारखी गाठाळलेली सापडतात. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी बोटाने चोळल्यास सुटून येतात. या गाठी मुळाचाच भाग असतात, सुटत नाहीत. पेरूच्या मुळावर उपयोगी गाठी नसतातच, त्यामुळे गाठ दिसली की रोप नाकारावे. दर ५० रोपांमागे निदान दोन रोपांच्या पिशव्या फाडून, मुळे पाण्यात धुऊन पाहण्याची अट खरेदीपूर्वीच घालावी. दोन रोपांची किंमत द्यावी लागली तरी बागेच्या किमतीपुढे ती काहीच नव्हे, कारण जमिनीत एकदा शिरलेल्या सूत्रकृमीचे पूर्ण उच्चाटन होत नाही.

पिशवीच्या बुडाशी असलेल्या छिद्रांत मुंग्यांची ये-जा दिसली तर आत मुळांवरील पिठ्या असण्याचा संभव असतो. मातीच्या वरच्या थरात साबुदाण्यापेक्षा मोठी, पिवळसर पांढरी, कवचाची अंडी पुंजक्याने सापडली तर ती शंखी गोगलगायीची असू शकतात. एक मादी-नर असा भेद तिच्यात नसतो, प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते आणि ती शेकड्यांनी असतात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी कापून काढली होती आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली, हे मराठवाड्यातील वाचकांच्या स्मरणात असेलच. शरदाच्या अखेरीस त्या कोरड्या दिवसांसाठी कवच बंद करून मातीत, कुंड्यांच्या तळाशी दडी मारतात. नेमक्या याच वेळी कुंड्या गावोगाव जातात. कुंडी उचलून तिचा तळ पाहणे एवढीच खबरदारी येथे पुरते.

घरी आणल्यावर

इतके पाहूनही काही निसटतेच. म्हणून नवे रोप थेट बागेत नेऊ नये. बागेपासून दूर, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या अंगाला, त्याला निदान तीन आठवडे वेगळे ठेवावे आणि दर चार दिवसांनी भिंगाने पाहावे. तीन आठवड्यांचा हा हिशेब उबदार हवामानाचा आहे, कारण तेवढ्या काळात पांढऱ्या माशीसारख्या किडीची अंड्यातील पिढी दिसू लागते. शरदात हवा गार होत जाते आणि किडीची वाढ मंदावते. नोव्हेंबरमध्ये पंजाबात किंवा विदर्भाच्या उत्तर भागात तीन आठवड्यांत काहीच दिसले नाही, याचा अर्थ रोप स्वच्छ आहे असा होत नाही, अंडी अजून उबलेली नसतील. अशा भागांत हा काळ दुप्पट धरावा.

या काळात खबरदारी म्हणून कीटकनाशकाची आळवणी करण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. रोपवाटिकेतही विक्रीपूर्वी आंतरप्रवाही कीटकनाशकाची आळवणी होते, रोप टवटवीत दिसते आणि ग्राहक खूश होतो. मला ही पद्धत मान्य नाही. फुलावर आलेल्या झेंडू-शेवंतीत हे औषध मकरंद व परागांपर्यंत पोहोचते. पावसाळ्यानंतर सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांच्या वसाहती वाढत असतात आणि पुढे कांदा-बीजोत्पादन, सूर्यफूल, कलिंगड यांना त्यांचीच गरज असते. शिवाय आळवणीने किडीची लक्षणे काही आठवडे झाकली जातात, म्हणजे वेगळे ठेवण्याचा हेतूच फसतो. कीड दिसल्यास प्रथम पाण्याचा फवारा, मग ग्रस्त शेंडे खुडणे, नंतर ५ टक्के निंबोळी अर्क, आणि एवढ्यानेही भागले नाही तरच त्या पिकासाठी व त्या किडीसाठी लेबलवर शिफारस असलेले कीटकनाशक, हा क्रम ठेवावा.

फळरोपांच्या विक्रीसाठी कायदे आहेत. पंजाबात १९६१ चा, महाराष्ट्रात १९६९ चा. राष्ट्रीय बागवानी मंडळाची मानांकन योजनाही आहे. फळझाडे घेताना परवाना व मानांकन पाहण्याची सवय शेतकऱ्यांत हळूहळू रुजते आहे. शोभेच्या झाडांकडे मात्र अशा नजरेने कोणी पाहत नाही. कीड हा भेद मानत नाही. जास्वंदीवरचा पिठ्या कपाशीवर, कामिनीवरची सिला संत्र्यावर आणि शेवंतीतील फुलकिडे मिरचीवर जाताना त्यांना कोणताही परवाना लागत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांना येथे करता येण्याजोगे बरेच आहे. आपल्या क्षेत्रातील रोपवाटिकांची यादी बहुतेकांकडे असते, तिच्यात रोपे कोठून येतात याचा एक रकाना वाढवावा. दसऱ्यापूर्वी आणि दिवाळीपूर्वी, नवा माल उतरल्यावर दोन-चार दिवसांत, रोपवाटिकाधारकाला सोबत घेऊन अर्धा तास पाहणी करावी. समोरच्या सजवलेल्या रांगेऐवजी मागच्या, सावलीतल्या, न विकल्या गेलेल्या रोपांपासून सुरुवात करावी, कारण किडीचा साठा तेथे असतो. रोपवाटिकाधारकाशी बोलताना दोषारोपाचा सूर नसावा. त्याने दूरवरून आणलेला माल किडका निघाला तर पहिले नुकसान त्याचेच असते आणि पुरवठादाराकडे तक्रार करण्यासाठी त्याला तुमच्या नोंदीचा आधार होतो.

ओळखीची नसलेली कीड आढळल्यास ती चिरडू नये व फवारणीही करू नये. किडीसह पानाचा तुकडा ७० टक्के अल्कोहोल असलेल्या लहान बाटलीत ठेवावा. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतच टाकावी, कारण शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर झाडाचे नाव, गाव, तालुका, दिनांक आणि रोप ज्या ठिकाणाहून आले त्या ठिकाणाचे नाव असावे. पानाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि बाटली जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पोहोचवावी. नमुना घेतलेल्या कुंडीला ओळखीसाठी दोरा बांधावा आणि ओळख होईपर्यंत ती विक्रीतून बाजूला ठेवण्यास रोपवाटिकाधारकाला सांगावे.